नाव तेच, वस्तू वेगळी : संगणकाचा शोधक्रम आणि सीमेवरची मराठी

पांढुर्णा स्थानकावर एक प्रवासी म्हणतो, 'डबा खाली आहे', आणि दुसरा म्हणतो, 'डिब्बा खाली है'. पहिल्याचा जेवणाचा डबा बाकाखाली ठेवलेला असतो, दुसऱ्याला गाडीत बसायला जागा मिळणार असते. 'खाली' हा शब्द दोघांच्याही तोंडी सारखाच, पण एकाचा अर्थ मराठीच्या घरातून आला आणि दुसऱ्याचा हिंदीच्या. सौंसर-पांढुर्ण्याकडचा माणूस इथे अडखळत नाही. 'आहे' ऐकू आले की तो एका घरात शिरतो, 'है' ऐकू आले की दुसऱ्या. अडचण येते ती नुसता शब्द पाटीवर लिहिलेला असतो आणि पुढे क्रियापद नसते तेव्हा. 'सर्व शिक्षा अभियान' हे केंद्राच्या योजनेचे नाव हिंदी. तिथे शिक्षा म्हणजे शिक्षण. महाराष्ट्रातही योजना याच नावाने चालली आणि पाटी वाचणाऱ्या मराठी माणसाला, सगळ्यांनाच शिक्षा कशाबद्दल, असा प्रश्न क्षणभर पडत राहिला.

हा लेख संगणकाविषयी आहे. तो साहित्याच्या अध्यापकाने लिहावा, याचे कारण वरच्या दोन उदाहरणांत आहे. महाविद्यालयाच्या इंटरनेट जोडणीवर नजर ठेवणारी एक लहान आज्ञावली बसवताना आम्हाला एकामागून एक तीन अडचणी आल्या. तिन्ही वेळा यंत्र शाबूत होते. तिन्ही वेळा नावही बरोबर होते. फक्त त्या नावाला ओ देणारी वस्तू भलतीच होती. संगणकाच्या जाणकारांना हा प्रकार रोजचा आहे. आपल्या भागातल्या शिक्षकाला आणि विद्यार्थ्यालाही तो रोजचाच आहे, फक्त संगणकावर भेटला की आपण त्याला ओळखत नाही, असे माझे म्हणणे आहे.

पहारा कशासाठी?

परीक्षेचे अर्ज, नामांकन, शिष्यवृत्ती हे सगळे आता इंटरनेटवरच भरायचे असते. शेवटच्या तारखेला खेड्यावरून बसने आलेली मुलगी, कधी संत्र्याच्या तोडीची मजुरी बुडवून आलेली, संगणकाच्या खोलीत दोन तास बसते आणि पडद्यावरचे चक्र फिरत राहते. आम्ही म्हणायचो, लाइन बंद आहे. जोडणी देणारे म्हणायचे, आमच्याकडून चालू आहे. दोघांपैकी कोणाहीजवळ नोंद नव्हती. मी स्वतः त्यांना दोन पत्रे लिहिली. पत्रांत विशेषणे पुष्कळ होती. किती वाजता, किती वेळ आणि नेमके कुठे अडते, हे एकदाही नव्हते.

नोंद ठेवायची तर कोणीतरी सतत विचारत राहिले पाहिजे. त्यासाठीचे सर्वांत जुने आणि साधे साधन म्हणजे 'पिंग'. माइक मूस या अमेरिकी प्रोग्रामरने ते १९८३ च्या डिसेंबरात लिहिले. पाण्याखालची वस्तू शोधण्यासाठी पाणबुडी आवाज सोडते आणि प्रतिध्वनीची वाट पाहते. त्या आवाजावरून हे नाव आले. पिंगही तेच करते. समोरच्या यंत्राकडे एक छोटा संदेश पाठवते, उत्तर आले का आणि किती मिलिसेकंदांत आले ते सांगते. गावच्या कोतवालाने रात्री हाळी द्यावी आणि दुसऱ्या टोकाच्या राखणदाराने ओ द्यावी, इतकाच व्यवहार.

पण एकालाच हाळी देऊन भागत नाही. ओ आली नाही तर राखणदार झोपला, की मधला पूल वाहून गेला, हे कळत नाही. म्हणून दर पाच मिनिटांनी तीन प्रश्न विचारायचे ठरवले. पहिला प्रश्न आपल्याच खोलीतल्या राउटरला : तू जागा आहेस का? दुसरा बाहेरच्या एखाद्या यंत्राला, पण त्याच्या आकडी पत्त्यावर. गूगलचा ८.८.८.८ हा पत्ता यासाठी बरेच जण वापरतात. तिसरा प्रश्न वेगळ्या जातीचा : अमुक नावाच्या संकेतस्थळाचा आकडी पत्ता काय? यंत्रे एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, माणसे नावांनी. नावावरून आकडा काढून देणारी जगभर पसरलेली व्यवस्था, जिला डीएनएस म्हणतात, तीही १९८३ सालचीच. तिचा आराखडा पॉल मोकापेट्रिस यांनी मांडला.

तीन उत्तरे हाती आली की बिघाडाची जागा बरीचशी कळते. राउटरच ओ देत नसेल तर दोष खोलीतला : तार, विजेचा खटका, राउटर. राउटर बोलतो पण बाहेरचा आकडा बोलत नाही, तर बाहेरची लाइन तुटली. आकडा बोलतो पण नावाचा पत्ता निघत नाही, तर रस्ता चांगला आहे, पत्ता सांगणारा गप्प आहे. वापरणाऱ्याला मात्र तिन्ही वेळा एकच चित्र दिसते : चक्र फिरते आहे. इथे एक सावधगिरी हवी. काही यंत्रे पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत. तेव्हा ओ न येणे म्हणजे यंत्र बंदच, असा निष्कर्ष एका पत्त्यावरून काढू नये. आणि असा पहारा आपल्या ताब्यातल्या जोडणीवरच ठेवावा. दुसऱ्याच्या जाळ्यात परवानगीवाचून चाचपत बसणे गैर आहे.

आज्ञावली लिहिली आमच्याच एका विद्यार्थ्याने. बी.ए.ला त्याने मराठी घेतले आहे आणि संगणकाची पदविका बाहेरून केली आहे. विभागात पडून असलेल्या एका जुन्या संगणकावर त्याने लिनक्स बसवले आणि पायथन भाषेत चाळीसेक ओळी लिहिल्या. पिंगला तीन संदेश पाठवायला सांगायचे, उत्तरासाठी दोन सेकंद थांबायचे आणि शेवटी पिंग जो आकडा परत देते तो पाहायचा. शून्य म्हणजे उत्तर आले, एक म्हणजे आले नाही, दोन म्हणजे दुसरेच काही चुकले. (शून्य म्हणजे उत्तम, हे आम्हा गुण देणाऱ्यांना पचायला जरा जड जाते.) मग दिनांक, वेळ, कोणाला विचारले, काय उत्तर आले, हे एका फायलीत ओळीने लिहायचे. दिनांक लिहिताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. म्हणजे ओळी आपोआप कालक्रमाने लागतात.

पहिली अडचण : स्वतःलाच हाक

तिसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे नावाचा आकडा काढण्यासाठी, पायथनमध्ये 'सॉकेट' नावाचा तयार भाग असतो. आपल्या फायलीच्या पहिल्या ओळीत 'इम्पोर्ट सॉकेट' असे लिहिले की तो हाताशी येतो. विद्यार्थ्याने तसे लिहिले, आणि काम सॉकेटचे म्हणून फायलीचे नावही 'सॉकेट डॉट पीवाय' ठेवले. चालवल्याबरोबर तक्रार आली की सॉकेटमध्ये तुम्ही म्हणता ती सोयच नाही. अर्धा दिवस तो पुस्तकात ती सोय शोधत बसला. पुस्तकात ती होती.

घडले ते असे. 'सॉकेट आण' म्हटल्यावर पायथन ठरलेल्या क्रमाने काही जागा धुंडाळतो, आणि बहुतेक नावांच्या बाबतीत त्या क्रमात पहिली जागा असते चालवलेली फाइल ज्या कप्प्यात आहे तो कप्पा. तिथेच त्याला सॉकेट नावाची फाइल मिळाली. ती आमचीच होती, अर्धी वाचून झालेली. पुढे शोधायचे त्याला कारण उरले नाही. पायथनबरोबर आलेला खरा सॉकेट दोन जागा पलीकडे जसाच्या तसा होता. तिथपर्यंत कोणी गेलेच नाही.

मला याचे नवल वाटले नाही. पाचवी-सहावीच्या मराठी घराच्या मुलाला इथे 'चेष्टा' शब्द दिला की तो थट्टा म्हणतो. हिंदीच्या पुस्तकात त्याचा अर्थ प्रयत्न असतो. 'यंत्रणा' म्हटले की त्याला व्यवस्था आठवते; हिंदीत ती यातना आहे. 'व्यस्त' मराठीच्या गणितात उलट प्रमाणाला लावतात; हिंदीत तो कामात बुडालेला माणूस. मुलाला हिंदी येत नाही असे मुळीच नाही. त्याच्या मनात दोन्ही शब्दकोश आहेत, पण घरचा कोश पहिला उघडतो आणि त्यात शब्द सापडला की शोध तिथेच थांबतो. शब्द सापडलाच नसता तर त्याने दुसरा कोश उघडला असता आणि चूक झाली नसती. अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीचे शब्द जास्त फसवतात, हे द्वैभाषिक प्रदेशात शिकवणाऱ्या प्रत्येकाने अनुभवले असेल.

उपाय सोपा : फायलीचे नाव बदलले, 'पहारा' ठेवले. पण नाव बदलण्याआधी एक गोष्ट करून पाहावी, आणि विद्यार्थ्यांना ती मुद्दाम दाखवावी. आणलेल्या भागालाच विचारता येते की तू कोणत्या फायलीतून आलास. त्या उत्तरात आमच्याच कप्प्याचा पत्ता दिसला आणि अर्ध्या दिवसाचे कोडे एका ओळीत सुटले. पायथनच्या २०२४ साली आलेल्या ३.१३ आवृत्तीत तर तक्रारीच्या मजकुरातच सुचवलेले असते की तुमच्या फायलीचे नाव अंगभूत भागाच्या नावासारखे आहे, ते बदला.

दुसरी अडचण : हाताने चालते, आपोआप नाही

नाव बदलल्यावर आज्ञावली चालू लागली. आता ती दर पाच मिनिटांनी कोणी न सांगता चालायला हवी. लिनक्समध्ये हे काम 'क्रॉन' नावाचा सेवक करतो. कोणत्या मिनिटाला, तासाला, दिवसाला काय चालवायचे, ते त्याच्या वहीत लिहून द्यायचे. लिहून दिले. दुसऱ्या दिवशी नोंदीची फाइल कोरी.

'सर, हाताने चालवला तं चालते, आपोआप नाही चालत.' विद्यार्थ्याचे हे वाक्य निदान म्हणून पूर्ण होते, फक्त ते आम्हाला तेव्हा कळले नाही.

आपण संगणकासमोर बसून 'पायथन-३' असे नुसते नाव टंकतो, तेव्हा संगणक 'पाथ' नावाच्या यादीतले कप्पे क्रमाने पाहतो. ही यादी आपण आत शिरताना आपल्यासाठी तयार होते. तीत आपण स्वतः नंतर बसवलेल्या प्रोग्रामांचे कप्पेही असतात, आणि सहसा ते आधी असतात. क्रॉनला ही यादी मिळत नाही. त्याच्याजवळ अगदी त्रोटक यादी असते, बहुधा दोनच कप्प्यांची. आमच्या यंत्रावर दोन पायथन होते : एक लिनक्सबरोबर आलेला, दुसरा विद्यार्थ्याने नवा म्हणून वेगळ्या कप्प्यात बसवलेला. नोंदींचा आलेख काढण्यासाठी लागणारा जोडभाग त्याने दुसऱ्यात घातला होता. हाताने चालवले की दुसरा पायथन ओ द्यायचा, क्रॉनने हाक मारली की पहिला. पहिल्याजवळ तो जोडभाग नव्हता, म्हणून आज्ञावली पहिल्याच ओळीत कोलमडायची. तक्रार छापायला पडदा नाही, आणि क्रॉन तक्रार टपालाने कळवतो, तर त्या यंत्रावर टपालाची व्यवस्था नाही. म्हणून शांतता.

घरच्या माणसाला 'मोठ्या वाड्यात देऊन ये' म्हटले की पुरते. बाहेरगावच्या माणसाला गल्ली, खूण, दार सगळे सांगावे लागते. क्रॉन बाहेरगावचा आहे. त्याच्या वहीत प्रत्येक प्रोग्रामचा मुळापासूनचा पूर्ण पत्ता लिहायचा, आणि ओळीच्या शेवटी तक्रारीही एका फायलीत उतरवायला सांगायचे. एवढे केल्यावर नोंदी पडू लागल्या. एका कामासाठी लागणारे पायथनचे सगळे भाग त्या कामाच्या स्वतंत्र कप्प्यात ठेवण्याची सोय पायथनमध्ये ३.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून आहे. तिला 'व्हेन्व' म्हणतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिल्या दिवसापासून तीच वापरावी.

(या लेखात आज्ञा नागरीत छापल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीत टंकायच्या असतात, आणि लहान-मोठ्या लिपीचा फरक तिथे चालत नाही. हाही एका समनामाचा प्रकारच.)

तिसरी अडचण : सामायिक भांडी

तिसरा घोळ आम्ही स्वतः ओढवून घेतला, आणि समजावून सांगण्यासारखे सर्वांत जास्त इथेच आहे.

कोणीतरी पेनड्राइव्हवर एक जुना, रंगीत आलेख काढणारा पहारेकरी प्रोग्राम दिला. तो सुरू होईना. तक्रार होती : 'लिब-एसएसएल डॉट एसओ १.१' ही फाइल उघडता येत नाही, अशी फाइल नाही. संगणकाच्या भाषेत याला 'लायब्ररी' म्हणतात. मराठीत काही जण 'ग्रंथालय' लिहितात. मला तो शब्द इथे पटत नाही. ग्रंथालयात माणूस वाचायला जातो. संगणकातली लायब्ररी ही समाजाच्या सामायिक भांड्यांसारखी आहे. लग्नाच्या पंगतीला लागणारे मोठे गंज, कढया, पराती घरोघर कोणी ठेवत नाही. त्या एका ठिकाणी असतात आणि ज्याच्या घरी कार्य त्याने आणायच्या. तसेच बरेच प्रोग्राम आपापले सगळे सामान बाळगत नाहीत. गुप्त संदेशाची भाषा, चित्रे उघडणे, अक्षरे मांडणे अशी कामे करणारे तयार भाग यंत्रावर एकाच जागी असतात आणि चालू होताना प्रोग्राम त्यांना नावाने हाक मारतो. ही हाक ऐकून भांडे आणून देणारा एक मदतनीस असतो. त्याला जुळारी म्हणू.

नावाच्या शेवटचा आकडा महत्त्वाचा. सौंसरवरून जाणारी छिंदवाडा-नागपूर लाइन ७६२ मिलिमीटर रुंदीची होती, आता १६७६ मिलिमीटरची आहे. स्थानकाचे नाव सौंसरच राहिले, पण जुना डबा नव्या रुळावर चालणार नाही. लायब्ररी करणारे लोक रुंदी बदलली की नावातला आकडाही बदलतात. 'ओपन-एसएसएल'ची १.१ ही एक रुंदी. २०२१ साली आलेली ३ ही दुसरी. आमच्या यंत्रावर ३ होती, जुन्या प्रोग्रामला १.१ हवी होती. ही तक्रार सरळ आणि प्रामाणिक होती.

आम्ही मात्र वाकड्या वाटेने गेलो. एका जुन्या यंत्रावरचा लायब्रऱ्यांचा सबंध कप्पा उचलून आणला, आणि कोणाच्या तरी सल्ल्यावरून 'एलडी लायब्ररी पाथ' नावाच्या सूचनेत त्या कप्प्याचा पत्ता घालून ती सूचना कायमची करून टाकली. पहारेकरी सुरू झाला. दुसऱ्या दिवशी त्याच यंत्रावरचा लेखनाचा प्रोग्राम उघडेना. आतील मूल्यमापनाची मराठीची प्रश्नपत्रिका त्यात होती आणि पेपर तासाभरावर होता. प्रश्न मी फळ्यावर लिहून दिले.

तक्रार आता वेगळी होती : 'लिब-एसटीडीसी-प्लस-प्लस डॉट एसओ ६' या फायलीत अमुक आवृत्ती सापडली नाही. नाव सापडले, आकडाही तोच, तरी उपयोग नाही. हे कसे? या लायब्ररीची रुंदी वर्षानुवर्षे बदललेली नाही, म्हणून नाव तेच राहिले. पण तिच्या नव्या आवृत्त्यांत भर पडत गेली. एखाद्या शब्दकोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत पहिलीतले सगळे शब्द असावेत आणि शिवाय नवे असावेत, तसे. पहिल्या आवृत्तीवर विसंबून लिहिलेला मजकूर दुसरीच्या आधारे वाचता येतो. उलट मात्र होत नाही. आमच्या उचलून आणलेल्या कप्प्यात त्या कोशाची जुनी आवृत्ती होती, आणि कोशाच्या पाठीवर नाव तेच होते.

पण लेखनाच्या प्रोग्रामने जुना कोश घेतलाच का, नवा त्याच यंत्रावर असताना? कारण जुळाऱ्याचा शोधक्रम. तो साधारण असा असतो. प्रोग्रामच्या पोटातच पत्ता लिहून ठेवण्याची एक जुनी पद्धत आहे. ती वापरलेली असेल तर आधी तो पत्ता. मग 'एलडी लायब्ररी पाथ' ही सूचना. मग पोटातल्या पत्त्याची नवी पद्धत. मग यंत्रावरच्या लायब्रऱ्यांची आधी करून ठेवलेली सूची, आणि शेवटी ठरलेले नेहमीचे कप्पे. जिथे नाव प्रथम जुळेल आणि फाइल त्या यंत्राच्या जातीची असेल, तिथे शोध संपला. सर्वांत चांगली कोणती, सर्वांत नवी कोणती, असा विचार जुळारी करत नाही. आम्ही आमची सूचना कायमची केली, म्हणजे त्या यंत्रावर आमच्या नावाने चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला सांगितले की आधी जुन्या कप्प्यात बघ. एका पाहुण्याला जुनी भांडी हवी होती, म्हणून सगळ्या गावाच्या पंगतीला तीच लावली.

याला एक अपवाद आहे आणि तो गोंधळ वाढवतो. जे प्रोग्राम वाढीव अधिकाराने चालतात त्यांच्या बाबतीत जुळारी ही सूचना कानाआड करतो, नाहीतर कोणीही आपला कप्पा पुढे करून त्या अधिकाराचा गैरवापर करील. पिंग हा अनेक यंत्रांवर असाच अधिकार असलेला प्रोग्राम असतो. त्यामुळे एकाच यंत्रावर एक प्रोग्राम सूचना ऐकतो, दुसरा ऐकत नाही, असे दिसू शकते.

निदानाची रीत पहिल्या अडचणीतलीच : कोणत्या नावाला कोणती फाइल मिळाली, ते विचारायचे. 'एलडीडी' ही आज्ञा प्रोग्रामला लागणाऱ्या प्रत्येक लायब्ररीचे नाव आणि समोर ती कोणत्या पत्त्यावर सापडली ते छापते; सापडली नाही तर तसे सांगते. आमच्या लेखनाच्या प्रोग्रामवर ती चालवली तेव्हा एका ओळीत समोर पेनड्राइव्हवरून आणलेल्या कप्प्याचा पत्ता होता. (ज्याचा भरवसा नाही अशा प्रोग्रामवर ही आज्ञा चालवू नये, काही वेळा ती त्या प्रोग्रामचाच भाग चालवून बसते.) शोधाचा टप्पा न् टप्पा पाहायचा असेल तर 'एलडी डीबग' नावाची सूचना आहे. तिच्यात जुळारी कोणत्या कप्प्यात गेला, काय मिळाले, काय नाही, ते सगळे बोलून दाखवतो. मजकूर लांबलचक येतो, पण एकदा वर्गात तो सर्वांसमोर वाचावा. शब्दकोशाची पाने उलटताना मनात काय चालते, त्याचे हे शब्दशः टिपण आहे.

दुरुस्ती म्हणून आम्ही कायमची सूचना काढून टाकली. फार तर ती एकाच ओळीत, त्या एकाच प्रोग्रामच्या नावाआधी लिहावी, म्हणजे तिचा अंमल त्याच्यापुरता राहतो. वाक्याच्या शेवटी 'आहे' किंवा 'है' येऊन त्या वाक्यापुरता कोश ठरतो, तसे. शेवटी तो जुना प्रोग्रामही काढला. ओपन-एसएसएलच्या १.१.१ आवृत्तीची देखभाल सप्टेंबर २०२३ मध्ये थांबली आहे. पहाऱ्यासाठी म्हणून दाराची जुनी कडी पुन्हा बसवण्यात अर्थ नव्हता.

लेखकांना हाच घोळ लिपीत भेटतो. जुन्या फाँटांच्या काळात नागपूरच्या छापखान्यातला मजकूर इकडच्या 'कृतिदेव'वाल्या यंत्रावर उघडला की अक्षरांची खिचडी व्हायची, कारण एकाच आकड्याला दोन फाँट दोन वेगळी अक्षरे देत. युनिकोडने ते मिटवले. 'ल'चा आकडा आता सगळीकडे एकच आहे. तरी 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे वेगळी आणि हिंदी वळणे वेगळी. चांगल्या फाँटमध्ये दोन्ही असतात, आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवलेली असेल तरच मराठी वळण पुढे येते. मध्यप्रदेशातून मराठी मजकूर पाठवणाऱ्याने भाषेचा तो रकाना पाहून घ्यावा. बहुतेक वेळा तिथे हिंदी असते, आणि दोष फाँटला दिला जातो.

वर्गात हे कसे सांगावे?

नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रांतात हिंदी आणि मराठी शेजारी नांदत होत्या. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली मिळून वेगळा जिल्हा झाला. इथल्या मुलाची घरची भाषा मराठी, शाळेची बहुधा हिंदी आणि यंत्राची इंग्रजी. इंग्रजी तक्रार पडद्यावर आली की तो ती वाचत नाही, खिडकी बंद करतो. मी त्यांना एकच सवय लावू पाहतो : तक्रार मोठ्याने मराठीत सांगा. 'कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल' याचे 'सामायिक फाइल उघडता आली नाही' असे केले की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो : कोणती, आणि ती कुठे कुठे शोधली?

परिभाषा करायचीच असेल तर माझी सूचना एवढीच की 'लायब्ररी' आणि 'पाथ' हे शब्द आज्ञांत असल्यामुळे तसेच राहू द्यावेत. पण ज्याला इंग्रजीत 'सर्च ऑर्डर' म्हणतात त्याला 'शोधक्रम' म्हणावे आणि तो शब्द पहिल्या तासाला शिकवावा. 'मार्ग' म्हटले की एकच वाट डोळ्यांपुढे येते, आणि इथे तर अनेक जागा क्रमाने धुंडाळायच्या असतात. सगळा घोळ त्या क्रमात आहे.

पहारा आता शांतपणे चालू आहे. पहिल्या महिन्याची नोंद आम्ही दोघांनी बसून वाचली. राउटर जवळजवळ नेहमी जागा होता. बाहेरचा आकडाही बहुतेक वेळा ओ देत होता. दुपारच्या गर्दीत गप्प व्हायचा तो तिसरा, नावाचा पत्ता सांगणारा. राउटरमध्ये त्याचा पत्ता पूर्वी कधीतरी आमच्याकडच्याच कोणी घातला होता, आणि तो जुना, ताण न झेपणारा होता. जोडणी देणाऱ्यांची लाइन, माझ्या दोन्ही पत्रांच्या तारखांच्या आसपास कशी होती ते आता कळायचा मार्ग नाही. नोंद सुरू झाल्यापासून मात्र ती चालू होती. पत्ता बदलला. तिसरे पत्र मी लिहिले, ते चार ओळींचे आहे.

विद्यार्थ्याने नोंदीची भाषा मराठी ठेवली आहे. अर्जांच्या शेवटच्या दिवशी दुपारी दोन वाजून पाच मिनिटांची ओळ अशी आहे : राउटर, होय. आकडा, होय. नाव, होय.